एक जानेवारीचा भोपळा

रेजिना,
९ ऑक्टोबर २०२३

प्रिय मिर्लांद,

तुझं पत्र मिळालं. अक्षर पुष्कळ सुधारलं आहे. मला फोनवर धड ऐकू येत नाही म्हणून तुझ्यासारख्या कॉलेजच्या मुलीला पत्रं लिहावी लागतात, पण त्या निमित्ताने तुझं मराठी गंजत नाही, हेही खरं. माझ्या नणंदेने, शीलाने, आयुष्यात चिकाटीने पार पाडलेलं काम कुठलं असेल तर तुला बाराखडी शिकवणं. तिच्या मुलाने, अनुपने, इमाकुलाशी लग्न केलं आणि सात वर्षांची तू हैतीहून आईबरोबर इथे कॅनडात, मॉन्ट्रियलला आलीस, तेव्हा शीलाला फ्रेंच येत नव्हतं आणि तुला दुसरं काही येत नव्हतं. हिवाळाभर घरात कोंडलेल्या दोघी करणार काय? तिला जाऊन दोन वर्षं झाली, पण तुझा 'ळ' बघितला की ती समोर बसल्यासारखी वाटते.

आता मुख्य बातमी. तुझे मामाआजोबा जानेवारीत एक्क्याऐंशी वर्षांचे होतात. सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम एक जानेवारीला, सगळ्यांना सुट्टी असते म्हणून, आमच्याच घरी ठरवला आहे. रेजिनाचं सगळं मराठी मंडळ येईल, सस्काटूनहून माधवीताई आणि मंडळी येतील. नाती, म्हणजे ऊर्मी आणि अनुया, एक्क्याऐंशी दिव्यांनी आजोबांना ओवाळतील.

तुझ्यासाठी मी खास योजना केली आहे. तू पाच मिनिटं मराठीत बोलायचंस. हैतीची मुलगी इतकं स्वच्छ मराठी बोलते हे ऐकून लोक तोंडात बोटं घालतील. आमची नातवंडं 'हाय आजी'च्या पुढे जात नाहीत, त्यांनाही जरा लाज वाटेल. साडी मी देईन. फक्त त्या बारीक बारीक वेण्या सोडवून एक साधी वेणी घालून ये. फोटो चांगले येतील.

इमाकुलाला नोकरीतून सुट्टी मिळायची नाही, हे मला माहीत आहे, म्हणून तिला आग्रह करत नाही.

मृणालिनी मामीआजी

—

मॉन्ट्रियल,
२० ऑक्टोबर २०२३

ती. मामीआजींस साष्टांग नमस्कार.

मामाआजोबांचं एक्क्याऐंशीवं वर्ष ऐकून आनंद झाला. त्यांना सांगा, ब्लॅक कॉफीत चार चमचे साखर घालणारा माणूस इतका टिकतो, म्हणजे डॉक्टर लोक खोटं बोलतात.

एक जानेवारी हा आमच्या घरातला मोठा दिवस असतो. त्या दिवशी आई सूप जूमू करते. लाल भोपळ्याचं सूप. जगात जिथे जिथे हैतीचं माणूस आहे तिथे त्या सकाळी हेच शिजतं. ते सोडून मी आजवर कुठे गेलेले नाही. पण मामाआजोबांसाठी येईन. येताना आईला घेऊन येईन. तिला सुट्टी मिळणार नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही तिला विचारलंत कधी?

भाषण मी करणार नाही. मामीआजी, मी मराठी बोलते कारण मला आजीशी बोलायचं होतं. लोकांनी तोंडात बोटं घालावीत म्हणून नाही. ऊर्मी इंग्रजी छान बोलते, तिला कोणी उभं करून टाळ्या वाजवत नाही.

मला ओवाळायचं आहे. तबक घेऊन, त्या दोघींच्या शेजारी उभी राहून.

वेण्यांचं सांगायचं तर त्या मला आजीने घातल्या. माझी आई शनिवारी वृद्धाश्रमात ड्यूटीवर असायची, आणि माझ्या केसांत तेल मुरत नाही म्हणून आजी हैराण व्हायची. शेवटी ती आईच्या मैत्रिणीच्या सलूनमध्ये स्टुलावर बसून शिकून आली. अख्खा शनिवार जायचा. पाठ दुखायची, शिव्या द्यायची, पण सोडायची नाही. त्या वेण्या मी फोटोसाठी सोडवणार नाही.

तुमची,
मिर्लांद

—

रेजिना,
२ नोव्हेंबर २०२३

प्रिय मिर्लांद,

शीलाने तुला अक्षरांबरोबर तिची जीभही दिलेली दिसते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मी प्रेमाने एक गोष्ट सुचवली, तर तू मला वकिलासारखं उत्तर दिलंस. ओवाळणं म्हणजे शोभेचं काम नाही. ते घरच्या लेकी-नातींचं काम आहे. तुला कमी लेखायचा प्रश्न नाही. पण माधवीताईंसारखी जुनी माणसं असणार, ती विचारणार, मी काय सांगू? अनुपच्या बायकोच्या पहिल्या लग्नाची मुलगी, अशी तिथून सुरुवात करू? त्या दिवशी मला साठ माणसांचं जेवण बघायचं आहे.

आणि आईबद्दल टोमणा मारलास म्हणून लिहिते. इमाकुलाला मी बोलावत नाही याला कारण आहे. शीलाचं आणि तिचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं, आणि तेही खऱ्याखुऱ्या भोपळ्यावरून. शीला आली त्या पहिल्याच नव्या वर्षाची गोष्ट, मला तिने लिहिली होती. इमाकुलाने अख्ख्या लाल भोपळ्यावर सुरी उचलली. शीला ओरडली, थांब! आपल्यात बाई अख्खा भोपळा चिरत नाही. भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा. पहिली चीर पुरुषाने द्यायची, मग बायकांनी काय हवं ते करावं. तिने अनुपला हाक मारली, त्याने चीर दिली, संपलं. एवढीशी गोष्ट! पण इमाकुला सुरी टाकून बहिणीकडे निघून गेली. भोपळा चार दिवस ओट्यावर पडून राहिला आणि शेवटी फेकला. सासू पहिल्यांदा घरी आलेली असताना सणाच्या दिवशी हे असं वागायचं? शीला बिचारी पुढे त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. मी मात्र विसरले नाही.

तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. राग सोड आणि भाषणाचं बघ. हवं तर तीन मिनिटं बोल.

मृणालिनी मामीआजी

—

मॉन्ट्रियल,
१४ नोव्हेंबर २०२३

ती. मामीआजींस नमस्कार.

परवा मला अठरा वर्षं पूर्ण झाली. कायद्याने मी आता मोठी आहे, तेव्हा मोठ्या माणसासारखं लिहिते.

मला आठवतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आणि तुम्हाला अर्धीच गोष्ट माहीत आहे.

आमच्या देशात फ्रेंच मालक होते आणि आम्ही गुलाम होतो. शेतात भोपळा पिकवायचे आमचे लोक, चुलीवर सूप शिजवायचे आमचे लोक, आणि त्याचा एक घोट घ्यायला बंदी होती. ते मालकांचं खाणं होतं. मग १८०४ साली एक जानेवारीला आम्ही स्वतंत्र झालो, कोणी दिलं म्हणून नाही, लढून. आणि त्या दिवशी सगळ्यांनी तेच सूप केलं आणि प्यायलं. तेव्हापासून दर एक जानेवारीला पितो. ते सूप म्हणजे 'आता बंदी घालून दाखवा' असं म्हणणं असतं.

आता माझ्या आईच्या जागी उभ्या राहा. नवा देश, नवं लग्न, घरात पहिल्यांदा आलेली सासू. एक जानेवारीची सकाळ. ती भोपळ्यावर सुरी ठेवते, आणि सासू ओरडते, थांब, तू नाही! मग एका पुरुषाला बोलावलं जातं. बाबांना तरी काय कळत होतं, ते हसत हसत आले. आईला मराठी येत नव्हतं. तिला एवढंच दिसलं की या भोपळ्याला हात लावायचा तिला हक्क नाही. ती नादेज मावशीकडे मला घेऊन गेली आणि सूप पिताना रडत होती. मी तिला कधी रडताना पाहिलेलं नव्हतं.

पुढे माझं मराठी थोडं सुधारल्यावर मीच आजीला हे सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "मेले गं मी." पुढच्या एक जानेवारीला तिने बाबांबरोबर हैतीच्या दुकानात जाऊन सगळ्यात मोठा भोपळा आणला, आईच्या पुढ्यात ठेवला, सुरी ठेवली, आणि स्वतः पॅसेजमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "मी बघत नाहीये. मी बघितलं नाही म्हणजे मला माहीत नाही. चिर तू." आई इतकी हसली की सुरी खाली ठेवावी लागली. तिने आजीसाठी बिनमांसाचं वेगळं पातेलं केलं. तेव्हापासून दर वर्षी दोन पातेली, आणि आजी पॅसेजमध्ये.

हे तिने तुम्हाला का लिहिलं नाही, माहीत आहे? मी विचारलं होतं. म्हणाली, "वहिनीला कळलं तर मला ऐकवेल."

विळ्या-भोपळ्याचं सख्य तुम्ही म्हणालात. आजीचा शेवटचा महिना आईनेच तिला न्हाऊ घातलं, मामीआजी.

अजून एक. उन्हाळ्यात ऊर्मी आमच्याकडे राहिली तेव्हा तिला तुमचं पत्र आलं होतं. तिला मराठी वाचता येत नाही म्हणून मी वाचून दाखवलं. 'चि. ऊर्मी हिस अनेक आशीर्वाद.' मला तुम्ही 'प्रिय' लिहिता. प्रिय कोणालाही लिहितात, शेजाऱ्यालाही. आजीने मला पत्राचे मायने शिकवले आहेत.

नादेज मावशीकडची भावंडं मला 'इंडियन' म्हणून चिडवतात, तुमच्याकडे मी 'हैतीची मुलगी'. दोन्हीकडे मला दारात उभं करून विचारतात, तू नक्की कुठली? मी दोन्हीकडची आहे. अर्धी-अर्धी नाही, दोन्हीकडची पुरती. ज्याला झेपत नसेल त्याने पॅसेजमध्ये जाऊन पाठ करून उभं राहावं.

मिर्लांद

—

रेजिना,
६ डिसेंबर २०२३

प्रिय मिर्लांद,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र मामाआजोबांना वाचून दाखवलं. ते नुसते माझ्याकडे बघत बसले, त्यामुळे मला दोन दिवस स्वयंपाक नीट सुचला नाही.

शीलाने मला सांगायला हवं होतं. मी ऐकवलं असतं हे खरं. पण सांगायला हवं होतं.

ठीक आहे. तबक धर. वेण्या असू दे. इमाकुलालाही घेऊन ये. यंदा डिसेंबर आला तरी अंगणात बर्फ नाही, विमानं वेळेवर येतील.

फक्त ओळखीचं माझं ऐक. मी सगळ्यांना सांगेन, ही शीलाची विद्यार्थिनी. त्यात खोटं काही नाही, आणि पुढचे प्रश्न येत नाहीत. तू जगाला शिकवायला निघाली आहेस, पण एका दुपारी साठ माणसं शिकत नाहीत.

आणि लोकांपुढे उभं राहण्याचं एवढं काय मनाला लावून घेतेस? आम्ही सत्तर साली इथे आलो, तेव्हा मामाआजोबांच्या ऑफिसातल्या साहेबांच्या बायका मला चहाला बोलवायच्या. साडी नेसून या म्हणायच्या. मग मी कुंकू म्हणजे काय ते सांगायचं, नमस्कार करून दाखवायचा, एखादी ओवी म्हणायची. त्या टाळ्या वाजवायच्या. मी हसत हसत केलं. माझं काही झिजलं नाही. परक्या देशात माणसाने थोडं वाकावं, मग लोक आपलं म्हणतात.

तिकिटांचं लवकर कळव.

मृणालिनी मामीआजी

—

मॉन्ट्रियल,
१५ डिसेंबर २०२३

ती. मामीआजींस नमस्कार.

आम्ही येत नाही.

त्या चहाला बोलावणाऱ्या बायकांपैकी किती जणींनी तुम्हाला नंतर, साडी आणि ओवीशिवाय, नुसतं घरी जेवायला बोलावलं? किती जणींनी आपलं म्हटलं? मला खरंच जाणून घ्यायचं आहे, लिहा.

तुम्ही आज त्यांच्या खुर्चीत बसला आहात आणि मला तुमच्या जागी उभं करताय. मी उभी राहणार नाही.

मी आजीची विद्यार्थिनी नाही. विद्यार्थिनीच्या केसांत कोणी सहा-सहा तास बोटं मोडून घेत नाही. मी तिची नात आहे. तुमच्या घरात मला नात म्हणायचं असेल तर म्हणा, साठ माणसांसमोर, मोठ्याने. नसेल तर मी इथे माझ्या आईच्या ओट्याशी बरी.

मामाआजोबांना माझा नमस्कार सांगा. त्यांना ओवाळायची फार इच्छा होती. हे लिहिताना रडू येतंय, पण म्हणून मत बदललेलं नाही.

मिर्लांद

—

रेजिना,
३ जानेवारी २०२४

चि. मिर्लांद हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

एकीनेही नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे हे. तुझं पत्र आल्यावर मी एकेकीचं नाव आठवून बघितलं. एकीनेही परत बोलावलं नाही. चोपन्न वर्षं मी ती आठवण कौतुकाची म्हणून सांगत आले, आणि तू अठराव्या वर्षी मला तिचा अर्थ सांगितलास. राग आला. फार राग आला. तो कोणाचा, हे कळायला ख्रिसमस उजाडला.

आता कार्यक्रमाची हकीकत ऐक. एक्क्याऐंशी दिवे मी तीन तबकांत मांडले, सत्तावीस-सत्तावीस. एकातले दिवे ऊर्मीने ओवाळले, एकातले अनुयाने. तिसरं तबक मी देवापुढे तसंच ठेवलं, वाती न पेटवता. माधवीताईंचं लक्ष गेलंच. भर मंडळींत म्हणाल्या, "अगं मृणालिनी, हे राहिलं की! शुभकार्यात दिवे असे कोरे ठेवतात का? हे कुणाचं?"

मी म्हटलं, "माझ्या नातीचं. मॉन्ट्रियलच्या."

"मॉन्ट्रियलला कोण नात तुझी?"

"मिर्लांद. शीलाची नात ती माझी नात. हैतीत जन्मली, मॉन्ट्रियलला वाढली. ती माझ्यावर रागावली आहे म्हणून आली नाही. चूक माझी आहे. अजून काही विचारायचंय?"

मला ऐकू कमी येतं म्हणून मी बोलते मोठ्याने, हे तुला माहीत आहे. बेसमेंटमध्ये जेवणाची ताटं मांडणाऱ्या लोकांनाही ऐकू गेलं. तुझे मामाआजोबा पाटावरून म्हणाले, "म्हणजे माझी सत्तावीस वर्षं अजून ओवाळायची बाकी आहेत. तोवर मी काही मरत नाही." सगळे हसले. मी हसले नाही, कारण ते माझ्याकडे बघून बोलत होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

दुसरी गोष्ट तुझ्या आईने तुला सांगितली नसेल, मीच सांगू नको म्हटलं होतं. तीस तारखेला मी इमाकुलाला फोन केला. आधी मी माफी मागितली, ती तिला इंग्रजीत कळली की नाही कोण जाणे, कारण ती म्हणाली, "येस येस, बट हाऊ बिग इज युवर पम्पकिन?" मग तिने कृती सांगितली. ती ओरडत होती, मी ओरडत होते. मी प्रेशर कुकर म्हटल्यावर ती एवढी जोरात "नो कुकर, मॅडम! स्लोली! स्लोली!" म्हणाली की ते मला फोन न लावताही ऐकू आलं असतं.

एक तारखेला सकाळी मी अख्खा भोपळा ओट्यावर ठेवला आणि सुरी घेतली. जयदीप धावत आला. "आई, थांब, मी चीर देतो." पन्नाशीचा माझा मुलगा, युनिव्हर्सिटीत शिकवतो, पण चेहरा पांढराफटक. थोरला मुलगा ना! मी म्हटलं, "तुला बघवत नसेल तर पॅसेजमध्ये जाऊन पाठ करून उभा राहा. तुझ्या आत्याने तेच केलं होतं." आणि तो खरंच जाऊन उभा राहिला.

सुरी निम्म्यात अडकली. बत्त्याने ठोकली तेव्हा भोपळा फुटला. इतकी वर्षं मी या भोपळ्याला घाबरत होते आणि आत नुसत्या बिया निघाल्या. जयदीप धडधाकट आहे. दोन वाट्या सूप प्यायला.

मांस घातलं नाही. तेवढं माझं बदलणार नाही, तू कितीही भांडलीस तरी. आणि शेवटी मला राहवलं नाही, वरून हिंग-मोहरीची फोडणी दिली. आईला सांगू नकोस.

इमाकुलाला मी या वेळी स्वतः विचारलं आहे, सुट्टी मिळेल का म्हणून. तुला विचारत नाही, कारण स्वतःच्या घरी यायला कोणी विचारत नाही.

तुझी
मामीआजी

—

मॉन्ट्रियल,
१२ जानेवारी २०२४

ती. मामीआजींस आणि ती. मामाआजोबांस साष्टांग नमस्कार.

फोडणी?!

आईला सांगितलं. ती म्हणाली, दोनशे वीस वर्षांत त्या सुपाची अशी विटंबना फ्रेंचांनीही केली नव्हती. मग इतकी हसली की शेजारीण विचारायला आली. पहिली ओळ मी तिला फ्रेंचमध्ये समजावून सांगितली, 'चि.' म्हणजे काय, ते कोणाला लिहितात. तिने पत्र माझ्या हातातून घेतलं, जे तिला वाचता येत नाही, आणि बराच वेळ तिथे बोट ठेवून बसली.

मार्चच्या सुट्टीत येतो. तिघंही. आईने रजा टाकली आहे, तुम्ही विचारलंत म्हणून. ती तुमच्या स्वयंपाकघरात मांस शिजवणार नाही, पण कुकर मात्र लपवून ठेवणार आहे. भांडण तुम्ही दोघी परस्पर मिटवा, मी कोणाच्याही बाजूने दुभाष्याचं काम करणार नाही.

वेण्या नव्या घातल्या आहेत. आधीच्यापेक्षा लांब.

माधवीताईंना त्या दिवशी जरूर बोलवा. तिसरं तबक मी धरेन, कोणी हात लावू नका. आणि मामाआजोबांना सांगा, सत्तावीस दिवे एकदम ओवाळणार नाही. दर वर्षी एक. बघू कसे मरतात ते.

भोपळा आणू नका. आमचा आम्ही इथून घेऊन येतो. तुम्ही सुरीला तेवढी धार लावून ठेवा.

तुमची नात,
मिर्लांद